बिल्किसने पसंत केलेली बोट

४ ऑगस्ट २०२४

कापड विणायचे शेवटचे लूम आज टेम्पोत चढले. भंगारवाल्याची माणसं दोर आवळत होती, मी बाहेर जाऊन उभा राहिलो. अब्बांनी शेड बांधली तेव्हापासून तिथे खडखडाट थांबला असेल तर फक्त लाईट गेल्यावर. आज पत्र्यावर कबुतरं चालतात ते ऐकू आलं. शेड एका गोडाऊनवाल्याने भाड्याने घेतली आहे. म्हणजे घरखर्चाची काळजी नाही, आणि मला काम नाही.

जेवताना बिल्किसने विचारलं, "आता दिवसभर काय करणार तुम्ही?"

मी मनातलं सांगून टाकलं. शिडाची बोट घ्यायची. नवी नाही, कोणीतरी वापरलेली, आपल्याला परवडेल अशी. आत झोपायची, रांधायची सोय असलेली. पावसाळा संपला की आपण तिघांनी किनाऱ्याकिनाऱ्याने निघायचं. मुरुड, हर्णै, जयगड, मालवण. माझे आजोबा भिवंडीच्या खाडीतून गलबत घेऊन रत्नागिरीपर्यंत जायचे, आणि त्यांचा नातू समुद्रात उतरतो तो पिकनिकला, पायजमा वर करून.

आमची लेक जोया हसली. पण हसता हसता तिने मोबाईल काढला आणि काहीतरी शोधायला लागली, ते मी बघितलं.

बिल्किसने भाताचा डाव पातेल्यात ठेवला. "जिना चढताना तुम्हाला धाप लागते. बोट कोण चालवणार?"

"वारा."

"नाय म्हणजे नाय," ती म्हणाली, आणि मला अजून भात वाढला.

१३ ऑगस्ट

ठाण्याला छातीच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी एका नळीत जोरात फुंकायला लावलं. पुन्हा पुन्हा फुंकलो. "सगळा जन्म कापसाच्या धुरळ्यात गेला की असं होतं," म्हणाले. तोंडात मारायचा पंप दिला आहे, सकाळ-संध्याकाळ घ्यायचा. मग मला बाहेर बसवलं आणि बिल्किसशी पथ्याबद्दल बोलले. पथ्याबद्दल एवढा वेळ बोलण्यासारखं काय असतं कोण जाणे. माझ्यानंतर आलेले दोन पेशंट कंटाळून चहाला गेले.

परत येताना माणकोलीला अडकलो. पुढे कंटेनर, मागे कंटेनर. बिल्किस खिडकीबाहेर बघत होती. मध्येच म्हणाली, "ती बोट. घ्यायची तर याच वर्षी घ्या."

मला आधी वाटलं, चेष्टा करते. नव्हती करत. गेला आठवडाभर मी रोज चहाबरोबर तिला बोटींचे फोटो दाखवत होतो, वारा कसा पकडतात ते बशी तिरकी धरून समजावत होतो. इतका परिणाम होईल असं वाटलं नव्हतं. समजावण्याची ही कला मला मजूर लोकांच्या वेळी सापडली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी तिने मटण केलं. म्हटलं, पथ्य कुठे गेलं? "उद्यापासून," म्हणाली.

१ सप्टेंबर

जोया वडप्याच्या एका गोडाऊनमध्ये डिस्पॅचचं काम बघते. ड्युटीवरून आली की रात्रीच्या जेवणापर्यंत आम्ही बोटी बघतो. मुंबईच्या, गोव्याच्या, कोचीच्या. एक गोष्ट कळली. बोट विकत घेणं सोपं, पाळणं महाग. दर वर्षी बाहेर काढा, तळाची कालवं खरवडा, रंग द्या, शिडं शिवा. आणि बोट पाच फूट लांब झाली की खर्च पाच फुटांनी वाढत नाही, दुप्पट होतो.

बिल्किस फोनवर प्रत्येक विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारते. "एकट्या बाईला शीड उतरवता येतं का?" काही लोक हसतात. एकाने विचारलं, नवऱ्याशी भांडण झालंय का? मी मात्र मनात तिला सलाम केला. खलाशाचा पगार वाचवायचा विचार किती लांबून करते ही बाई! लूमच्या धंद्यात मी हिलाच गादीवर बसवायला हवं होतं.

२९ सप्टेंबर

आज बोट बघितली. बघितली म्हणजे काय, प्रेमात पडलो.

रेवदंड्याजवळ एका यार्डात उभी आहे. छत्तीस फुटी, गडद निळी. वरचा सगळा डेक सागवानी पट्ट्यांचा. आत दोन खोल्या, पितळी दिवे. मालक रामनाथ जहाजावरून रिटायर झालेले इंजिनिअर, बोलणं इतकं गोड की चहात साखर लागली नाही. किंमत आमच्या आवाक्याच्या जरा वर. म्हणाले, बसून बोलू.

बिल्किस चपला काढून डेकवर चढली आणि दोन पावलांत उड्या मारत परत चपलांत आली. "सप्टेंबरात असं तापतं," ती म्हणाली, "तर मे महिन्यात हिच्यात आपण शिजू."

रामनाथ हसले. "वहिनी, तुम्ही वरचं सोडा. तुम्ही किचन बघा."

तिने किचन बघितलं. एकूण एक कपाट उघडून आत तोंड घालून वास घेतला. गाद्या उचलल्या, फळ्या उचलल्या, खाली मोबाईलचा उजेड पाडून बघितला. बाहेर आली आणि काही बोलली नाही. मी समजलो, आवडली.

१२ ऑक्टोबर

परतीचा पाऊस सकाळपासून कोसळत होता. बिल्किस डबा भरून तयार. "चला, रेवदंड्याला."

"ह्या पावसात?"

"ह्या पावसातच."

तिथे पोचलो तोवर आम्ही दोघंही भिजलेले. ती सरळ निळ्या बोटीच्या आत जाऊन पलंगावर बसली आणि वर बघत राहिली. थोड्या वेळाने तिच्या ओढणीवर थेंब पडला. मग दुसरा. सागवानी पट्ट्या ज्या स्क्रूंनी बसवल्यात, त्या स्क्रूंच्या भोकांतून पाणी आत येत होतं. तिने डब्यातला चमचा काढला आणि छतावर ठोकत निघाली. टक, टक, टक. मग बद्द. परत टक, मग कितीतरी अंतर नुसतं बद्द, बद्द.

"लाकडाखाली पाणी मुरलंय," ती म्हणाली. "हे सगळं उखडावं लागेल."

रामनाथ म्हणाले, वरून सील मारलं की झालं. मला त्यांचं पटलं. खरं सांगायचं तर मला पटवून घ्यायचं होतं. मी म्हटलं, "बिल्किस, जुनं घर कुठलं गळत नाही?"

"घर बुडत नाय," ती म्हणाली.

येताना गाडीत मी निळ्या बोटीचीच बाजू घेत होतो. पण ही गोष्ट लिहून ठेवतो. मी त्या बोटीत दोनदा गेलो आणि मला पितळी दिवे दिसले. ती दोनदा गेली आणि तिला बोट दिसली.

३ नोव्हेंबर

हल्ली दर रविवारी बिल्किस आणि जोया भल्या पहाटे मुंबईला जातात. जोयाच्या कुणा मैत्रिणीचं लग्न ठरलंय, त्याची खरेदी. खरेदी एवढी चालते आणि पिशव्या दिसत नाहीत. दोघी उन्हाने काळवंडून येतात. आज बिल्किसच्या तळहाताला फोड आलेले दिसले. विचारलं तर म्हणे, गच्चीवर गोधड्या वाळत घातल्या, दोरी ओढून बांधली. मी तिच्या हाताला मलम लावलं. सगळं घर ही एकटी ओढते आणि मी बोटीची स्वप्नं बघत बसतो. लाज वाटली.

१७ नोव्हेंबर

निळी बोट पाण्यात उतरली होती. रामनाथांनी फिरवून आणायला बोलावलं. लग्नाची खरेदी सोडून दोघीही आल्या.

शीड वर गेलं आणि वारा भरला तेव्हा मी काय सांगू. इंजिन बंद. इतकी मोठी वस्तू चालते आणि आवाज फक्त पाण्याचा. मी जन्मभर ज्या आवाजात राहिलो त्यानंतर हे.

दुपारचा वारा वाढला तेव्हा रामनाथांनी मला दोर ओढायला सांगितला. त्यासाठी दोर ताणणाऱ्या चरकीचा दांडा फिरवायचा असतो. थोडं फिरवलं आणि खाली बसलो. छातीत पीळ. पाच-दहा मिनिटांत ठीक झालं, जुना धुरळा आहे, दुसरं काय. बिल्किस माझ्याकडे बघत होती. मग उठून ती स्वतः दांड्याशी गेली. दोन्ही हातांनी, अंगाचा सगळा भार टाकून. तो हलला नाही. जोयाही लागली, तेव्हा वीतभर हलला.

"वहिनी, कशाला त्रास घेता? तुम्ही चहा टाका," रामनाथ म्हणाले.

"चहा मी घरी पण करते," बिल्किस म्हणाली.

किनाऱ्यावर आल्यावर मी बयाणा द्यायला निघालो. ती माझ्या आणि रामनाथांच्या मध्ये उभी राहिली. "ही नको."

"का? गळती काढू, पैसे कमी करून घेऊ."

"ही मला एकटीला झेपत नाय."

"तुला एकटीला कशाला झेपायला हवी? मी आहे ना!"

तिने जोयाकडे बघितलं. जोया म्हणाली, "अब्बा, प्लीज. नको." तिचे डोळे भरले होते. एका बोटीसाठी एवढं रडायचं काय, मला कळलं नाही. चिडून गाडीत बसलो. पेणपर्यंत तोंड फिरवून होतो.

२३ नोव्हेंबर

रामनाथांना फोन करून नाही म्हणालो. आठवडाभर मी कोणाशी धड बोललो नाही, आणि बिल्किसने एकदाही आवाज चढवला नाही. रोज सकाळी पंप हातात आणून देत होती. अशा बाईवर किती दिवस रागावणार?

१ डिसेंबर

उरणजवळ करंज्याला एक बोट बघायला गेलो. मालकीण रूपा, कॉलेजात शिकवते. नवऱ्याची बदली नागपूरला झाली आहे. "नागपुरात बोट ठेवू कुठे?" असं म्हणून हसली, पण बोटीवर हात फिरवत होती.

सव्वीस फुटी, पांढरी, बुटकी. बोटीला तोलून धरणारा जड कणा पोटाखाली एक असतो, हिला दोन आहेत. ओहोटी लागली होती आणि ही बया दोन पायांवर चिखलात बदकासारखी उभी. निळ्या बोटीनंतर हे. मी काठावरच थांबलो.

बिल्किसने सलवार गुडघ्यापर्यंत खोचली आणि चिखलात उतरली. रूपाही उतरली. दोघी बोटीभोवती ठोकत, हात फिरवत फिरल्या. रूपा विचारायच्या आधीच दोष सांगत होती. इंजिन सुरू होताना धूर देतं. डोलकाठीला धरणाऱ्या तारा जुन्या आहेत, लांब जायच्या आधी बदलायलाच हव्यात. मोठं शीड एका जागी शिवलंय. शिवण दाखवली.

"मग चांगलं काय?" मी वरून ओरडलो.

"भाऊ, आपल्या सगळ्या खाड्या ओहोटीला रिकाम्या होतात," रूपा म्हणाली. "एका कण्याची बोट आडवी पडते. ही बसते. मी हिच्यावर मुलाला पोहायला शिकवलं, त्याचा दहावीचा अभ्यास घेतला."

आत गेलो तर वास नाही. पांढरा डेक, पाय भाजत नव्हता. पुढचं झाकण उघडलं की वारा सरळ आत येतो, पंखा लागत नाही. वर कापडी छप्पर ओढता येतं. बिल्किसने पुढच्या शिडाचा दोर ओढला. शीड सतरंजीसारखं गुंडाळलं गेलं. एका हाताने. तिने परत उलगडलं, परत गुंडाळलं.

तिच्या चेहऱ्यावर असा आनंद मी जोया झाली त्या दिवशी बघितला होता.

१५ डिसेंबर

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

रूपा आम्हाला बोटीने करंज्याहून बाहेर समुद्रात घेऊन गेली. सकाळी छान होतं. दुपारी उत्तरेचा वारा एकदम वाढला, पाणी उसळायला लागलं. शिडाखालची आडवी काठी एका बाजूकडून दुसरीकडे गेली ती धाडकन. रूपाने मला खाली ढकललं म्हणून मी वाचलो, पण काठी तिच्या दंडावर बसली. तिचा हात लुळा पडला. मी तिला धरायला उठलो आणि माझा श्वास अडकला. असा कधी अडकला नव्हता. हवा आत जाते पण पोचत नाही. डोळ्यांपुढे पिवळं.

बिल्किसने ओढणी कमरेला बांधली. जोयाला म्हणाली, "वाऱ्याकडे धर." जोयाने सुकाणू वळवलं, शीड फडफडायला लागलं. बिल्किसने पुढचं शीड गुंडाळलं, मग मोठं खाली घेतलं, पट्ट्याने बांधलं. इंजिनाला चावी मारली. त्याने धूर दिला आणि चालू झालं. हे सगळं करून ती माझ्यापाशी बसली, कुर्त्याच्या खिशातून पंप काढला, माझ्या तोंडाला लावला. "आता घ्या. धरून ठेवा. सोडा." एका हाताने मला धरलं, दुसऱ्याने जोयाला खुणा करत होती. डावीकडे. सरळ. मच्छीमारांची जाळी आहेत, लांबून घे.

धक्क्याला लागलो तेव्हा रूपा दंड धरून हसत होती. "मी तर बोट हिलाच विकणार."

श्वास परत आल्यावर मी विचारलं, "हे कुठे शिकलीस?"

"रविवारी," ती म्हणाली. "मुंबईत शिडाच्या बोटींचा एक क्लब हाय. जोया आणि मी. पहिल्या दिवशी मी तीनदा उलटी केली."

मग गोधड्या? लग्नाची खरेदी? तिच्या हाताचे फोड आठवले. मला ह्या बाईबरोबर राहून इतकी वर्षं झाली आणि मला वाटत होतं मी तिला समुद्राची गोडी लावतोय.

१७ डिसेंबर

रूपाच्या हाताला मुका मार आहे, मोडलेलं नाही. फोन करून विचारलं. व्यवहार पक्का केला. किंमत आम्ही कमी करा म्हटलं नाही, तिनेच तारांच्या खर्चाइतकी कमी केली.

एक प्रश्न तोंडाशी येतो आणि परत जातो. पंप तिच्या खिशात होता. माझा माझ्या बॅगेत होता. म्हणजे तिने दुसरा घेऊन ठेवला आहे. किती दिवसांपासून घेऊन फिरते?

२६ जानेवारी २०२५

तारा बदलल्या. इंजिनाचा धूर कमी झाला, गेला नाही. तळाला जोया आणि बिल्किस रंग देत होत्या. मला रंगाजवळ येऊ देत नाहीत, वासाने खोकला येतो म्हणून. मी खुर्चीत बसून गावठी चिकूच्या फोडी करून दोघींना भरवल्या. आपण काहीच करत नाही, ही खंत आहे. पण बघायला मिळतं, हेही कमी नाही. बिल्किस ब्रश असा मारते की एक ओघळ येत नाही.

९ फेब्रुवारी

मुरुडच्या पुढे, राजपुरीच्या खाडीत. रमजान लागायच्या आत हर्णैपर्यंत जाऊन यायचं ठरलंय. जोयाने रजा काढली आहे.

पहाटे फजरच्या नमाजानंतर जोया पुढे जाऊन झोपली. बिल्किस चहा करत होती. पाणी एकदम सपाट, किनाऱ्यावर सुरूच्या झाडांची रांग. आता नाही विचारलं तर कधीच विचारणार नाही असं वाटलं.

"ठाण्याच्या डॉक्टरांनी तुला काय सांगितलं होतं?"

तिने गॅस बंद केला. कप माझ्या हातात दिला, मग समोर बसली.

"छाती बरी होणार नाय, असं सांगितलं. औषधाने आहे तिथे धरून ठेवायची, तरी हळूहळू कमी होणार. पुढे घरातल्या घरात चालणंसुद्धा जड जाईल. कधी, ते सांगता येत नाय. मी विचारलं, यांना जे करायचंय ते कधी करावं? ते म्हणाले, आताच."

मी कप खाली ठेवला. राग आला. माझ्या छातीची गोष्ट, आणि मलाच सांगितली नाही. जोयालाही माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं आणि मी इथे बशी तिरकी धरून वारा समजावत बसलो.

"मला सांगायला हवं होतंस."

"हो," ती म्हणाली. "सांगायला हवं होतं. रोज ठरवायची. रोज तुम्ही फोटो घेऊन यायचात आणि चेहरा असा असायचा की माझं तोंडच उघडायचं नाय."

"आणि तू शिकलीस ते ह्यासाठी? मला काही झालं तर बोट परत आणता यावी म्हणून?"

"आधी त्यासाठीच," ती म्हणाली. "भीती वाटायची. समुद्र मला कधी आवडला नाय." तिने एकदा पाण्याकडे बघितलं. "आता आवडतो. हे मी तुमच्यासाठी नाय सांगत. खरंच आवडतो."

 मी रडलो, ते लिहायला हरकत नाही. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला, पण उगी म्हणाली नाही. मला आत्तापर्यंत वाटायचं की माझी बायको कामसू आहे, हिशेबी आहे, चार माणसांत शोभते. हे सगळं आहेच. पण भीती वाटत असताना, उलट्या होत असताना दर रविवारी त्या पाण्यावर गेलेली बाई मी ओळखत नव्हतो. तिला ओळखायला मला वेळ मिळाला, एवढ्यासाठी अल्लाहचे आभार.

"अजून चिडायचं असेल तर चिडा," ती म्हणाली. "पण भरती सुरू झाली. नांगर उचलायचाय."

जोया उठून आली. आमचे चेहरे बघून तिला कळलं. तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं, मग पुढे नांगराशी गेली.

मी विचारलं, "मी काय करू?"

"सुकाणू घ्या. ओढाओढी आमची. त्याला दम लागत नाय, फक्त लक्ष लागतं."

खाडीच्या तोंडातून बाहेर आलो. वारा उत्तरेचा, पाठीवर. दक्षिणेकडे किनारा लांबवर निळा होत गेलेला. बिल्किस डोलकाठीशी उभी राहून मोठं शीड वर चढवत होती, हात एकामागून एक, घाई नाही, ओढणी कमरेला. ते चढत गेलं आणि भरलं. मी तिच्याकडे बघतच राहिलो, आणि बोट भरकटली, शीड फडफडलं.

"अहो, माझ्याकडे काय बघता?" ती वाऱ्यात ओरडली. "पुढे बघा!"

मी पुढे बघितलं.